टीटी-०२ : एका वेळी एकच बदल

तामिया या जपानी कंपनीचं टीटी-०२ हे रिमोटवर चालणाऱ्या गाडीचं किट मी चौदा महिन्यांपूर्वी बांधलं. त्यानंतर गाडी चार वेळा पूर्ण खोलून पुन्हा जोडली, अर्धवट किती वेळा खोलली याची गणती नाही. आता तिच्यातला जवळजवळ प्रत्येक स्क्रू माझ्या ओळखीचा झालाय, म्हणून लिहायला बसले. पहिल्याच आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक केलं असतं. आजही कौतुकच करणार आहे, पण वेगळ्या कारणांसाठी.

मी दंततंत्रज्ञ आहे. डॉक्टर दाताचं माप पाठवतात, मी त्यावरून कॅप बनवते. दिवसभर माझं काम फटींशी असतं. कॅपच्या कडेला केसाएवढी फट राहिली तरी ती कॅप माझ्याकडे परत येते. रिमोटच्या गाड्यांकडे मला ओढलं ते नववीतल्या भाच्याने. त्याला हवा होता वेग, आणि मला पेटीत सुटे भाग आहेत एवढं ऐकूनच बरं वाटलं होतं.

पेटी उघडायच्या आधीच आमचं पहिलं भांडण झालं. त्याने वाढीव भागांची अकरा नावांची यादी करून आणली होती : बॉल बेअरिंग, ऑइल डॅम्पर (चाकांचे धक्के जिरवणारे तेलाचे दांडे), ॲल्युमिनियमचा प्रोपेलर शाफ्ट, मोठी मोटर आणि काय काय. "मावशी, शेवटी हे सगळं बदलायचंच आहे ना? मग आधी प्लास्टिकचं कशाला बसवायचं?" मी म्हटलं, "अरे, अकरा गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी नीट वळेनाशी झाली, तर त्यातल्या कुठल्या एकीमुळे ते कसं शोधशील?" याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. मग ठरलं की गाडी आधी पुस्तिकेत आहे तश्शीच बांधायची. नंतर एका वेळी एकच गोष्ट बदलायची, चालवायची, वहीत लिहायचं आणि मगच पुढची. खाली जे काही लिहिते आहे ते त्या वहीवरून.

किट ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टीटी-०२ ही चेसिस २०१३ साली आली. प्रमाण १:१०, चारही चाकांना ताकद, पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर २५७ मिमी. चेसिस म्हणजे प्लास्टिकचा एक उथळ टब. त्यात एका बाजूला लांबीत बॅटरी, दुसऱ्या बाजूला इलेक्ट्रॉनिक्स आणि मोटर. मोटरच्या दांड्यावरचा छोटा गिअर (पिनियन) मोठा स्पर गिअर फिरवतो, आणि मधून जाणारा दांडा, म्हणजेच प्रोपेलर शाफ्ट, पुढच्या-मागच्या डिफरन्शिअलना (वळताना डाव्या-उजव्या चाकाला वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या संचांना) जोडतो. गिअर बंद डब्यात असल्यामुळे वाळूचे खडे दात्यांत अडकत नाहीत. बहुतेक पेट्यांमध्ये ५४० आकाराची मोटर असते, काहींत मोटरचा वेग कमी-जास्त करणारा स्पीड कंट्रोलरही. ट्रान्समीटर, रिसीव्हर, सर्व्हो (पुढची चाकं वळवणारी छोटी मोटर), बॅटरी, चार्जर आणि बॉडीचा रंग मात्र वेगळा घ्यावा लागतो. पेटीवर काय आहे आणि काय नाही ते छापलेलं असतं, ते वाचूनच घ्या. नाहीतर गाडी जोडून तयार आणि सर्व्होची वाट पाहत आठवडाभर शेल्फवर, असं होतं.

माझ्या मते या पेटीतली सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे जोडणीची पुस्तिका. या कंपनीने पहिली रेडिओ कंट्रोल गाडी, पोर्शे ९३४ टर्बो, १९७६ मध्ये काढली. इतक्या वर्षांत समजावून सांगण्याची जी हातोटी कमावली, ती पानापानावर दिसते. प्रत्येक पायरीला एक चित्र, त्यात भाग हवेत सुटे मांडलेले, आणि कडेला त्या पायरीत लागणारे स्क्रू प्रत्यक्ष आकारात छापलेले. हातातला स्क्रू कागदावर ठेवायचा, लांबी जुळली की तोच. धातूच्या भागांच्या पिशव्यांवर अक्षरं असतात, प्लास्टिकच्या चौकटींवरही अक्षरं आणि प्रत्येक भागाला आकडा. त्या-त्या टप्प्याची पिशवी त्या-त्या वेळीच उघडायची. पहिल्या दिवशी सगळ्या पिशव्या एका ताटात ओतण्याचा मोह भाच्याला झाला होता, तो मी वेळेत थोपवला. ग्रीस कुठे लावायचं, किती लावायचं, हेही चित्रात आहे. शब्द इतके कमी की भाषेची अडचण येतच नाही.

आता स्क्रूंबद्दल. हा भाग मी मुद्दाम लांबवणार आहे, कारण नव्या माणसाची पहिली गाडी इथेच बिघडते आणि त्याला ते सहा महिन्यांनी कळतं.

या गाडीतले बहुतेक स्क्रू टॅपिंग स्क्रू आहेत, म्हणजे प्लास्टिकच्या साध्या भोकात शिरताना ते स्वतःच आटे पाडतात. पहिल्यांदा घट्ट जातात, मनगटाला जोर लागतो. डोकं पृष्ठभागाला टेकलं की थांबायचं. अजून पाव फेरी मारली की आटे गेलेच म्हणून समजा, आणि प्लास्टिकमधले आटे एकदा गेले की परत येत नाहीत. दुसरी गोष्ट, पुन्हा जोडताना स्क्रू सरळ फिरवायला सुरुवात करायची नाही. भोकात ठेवून आधी उलटा फिरवायचा. एका जागी तो किंचित खाली बसतो, बोटाला 'टक्' असं जाणवतं. तिथे जुने आटे सुरू होतात. तिथून सरळ फिरवला की स्क्रू लोण्यासारखा आत जातो. हे केलं नाही तर प्रत्येक वेळी तो नवे आटे कापतो, आणि चौथ्या-पाचव्या खेपेला भोक मोकळं होऊन बसतं. माझी गाडी चार वेळा पूर्ण खोलूनही एकही भोक गेलेलं नाही, त्याचं श्रेय या एका सवयीला आहे.

आणि स्क्रूड्रायव्हर. जपानी किटमधल्या स्क्रूंच्या डोक्यावरची फुली साध्या फिलिप्ससारखी दिसते, पण ती जपानी मानकाची, म्हणजे जेआयएस असते. फिलिप्सचं टोक तिच्या तळापर्यंत नीट बसत नाही. जोर दिला की ते वर सरकतं आणि फुलीच्या कडा खाऊन टाकतं. मी पहिले दोन दिवस घरातल्याच स्क्रूड्रायव्हरने काम केलं आणि सहा स्क्रूंची डोकी गोल झाली. मग जेआयएसचा, लांब दांड्याचा, जाड मुठीचा एक स्क्रूड्रायव्हर घेतला. फरक इतका की भाच्याने विचारलं, "स्क्रू बदललेस का?" या छंदात तुम्ही एकच चांगलं हत्यार घेणार असाल तर हेच घ्या. गाडीवरच्या कुठल्याही वाढीव भागाआधी घ्या.

धातूत जाणाऱ्या स्क्रूंना, म्हणजे मोटरच्या तोंडाशी असलेल्या आणि पिनियनच्या बाजूच्या बारक्या स्क्रूला, थ्रेडलॉकचा, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा, एक बारीक थेंब लागतो. प्लास्टिकवर तो अजिबात लावू नका. काही प्लास्टिकना त्याने हळूहळू तडे जातात.

जोडणीला आम्हाला पाच संध्याकाळी लागल्या. त्यातली एक अख्खी संध्याकाळ दोन डिफरन्शिअलमध्येच गेली. घाई केली असती तर ते काम तासाभरात झालं असतं. पण प्लास्टिकचे भाग चौकटीतून कापताना जी बारीक गाठ राहते, ती मी प्रत्येक भागावर सुरीने छाटून वर बारीक पॉलिश पेपर फिरवत होते. कामावरची सवय हातातून जात नाही. ही गाठ बुशच्या (चाकाचा दांडा ज्या नळीत फिरतो तिच्या) जागी किंवा सस्पेन्शनच्या पिनजवळ राहिली तर तो सांधा अडखळतो. सस्पेन्शनचा हात जोडल्यावर हवेत धरून सोडायचा. स्वतःच्या वजनाने खाली पडला तर बरोबर. अडकून राहिला तर गाठ शोधा.

पहिल्यांदा चालवली ती एका बंद, सपाट काँक्रीटच्या मोकळ्या जागेत. आठ रिकाम्या बाटल्यांचा नागमोडी मार्ग. मूळ रूपातल्या टीटी-०२ बद्दल माझं प्रामाणिक मत : पहिल्या महिन्यासाठी यापेक्षा जास्त गाडीची कुणाला गरज नाही. चारही चाकं ओढत असल्याने ती सहसा गरगर फिरत नाही, चूक झाली तर थोडी बाहेर सरकते आणि परत येते. भाच्याचा पहिला तास बाटल्या पाडण्यात गेला, दुसऱ्या तासात त्या उभ्या राहू लागल्या. तो तास मूळ गाडीवरच जायला हवा होता असं मला आजही वाटतं.

मग पहिला बदल, बेअरिंग. पेटीतली चाकं साध्या बुशवर फिरतात, म्हणजे दांडा एका गुळगुळीत नळीत घासत फिरतो. बॉल बेअरिंगमध्ये घासण्याऐवजी गोळ्या लोळतात. चाकांजवळचं माप ११५० म्हणून ओळखतात : बाहेरून ११ मिमी, आतून ५ मिमी. आकड्यातच माप आहे, लक्षात ठेवायला सोपं. बदलण्याआधी आम्ही गाडी उचलून चाक बोटाने फिरवलं होतं, दोन फेऱ्यांत थांबलं. बदलल्यावर तेच चाक मोजता मोजता नऊ फेऱ्या गेलं. आमच्या मैदानावर अठरा मिनिटं चालणारी बॅटरी एकवीस मिनिटांपर्यंत गेली, आणि थांबल्यावर मोटरला हात लावला तर ती पूर्वीपेक्षा कमी गरम. वेग वाढल्यासारखा वाटला, पण खरा फायदा वेगात नाही. बुश झिजला की चाक डगडगतं आणि ते डगडगणं सस्पेन्शनपर्यंत पोचतं. बेअरिंगने तो सांधा घट्ट राहतो. रबरी झाकणाची बेअरिंग घ्या. धुळीत धातूच्या झाकणाच्या बेअरिंगपेक्षा ती जास्त टिकतात. सगळ्या यादीतून एकच भाग निवडा म्हणाल तर मी हाच निवडेन, आणि तोही बांधतानाच बसवा. पुस्तिकेप्रमाणेच बांधायची या आमच्या नियमाला एवढा एक अपवाद आता मी करते, कारण नंतर बसवायला अख्खी गाडी खोलावी लागते.

दुसरा बदल डॅम्परचा, आणि इथे मी स्वतः घोळ घातला. साध्या टीटी-०२ मध्ये घर्षणाचे डॅम्पर असतात : स्प्रिंग, आत एक दांडी, तेल नाही. नवशिक्यासाठी त्यात एक फायदा आहे, गळायला काही नसतं. पण स्प्रिंगचा स्वभाव असा की जेवढी दाबली तेवढी ती परत उसळते. तिला शांत करणारं कुणीतरी हवं. ऑइल डॅम्परमध्ये तेलाला पिस्टनच्या बारीक भोकांतून वाट काढावी लागते, आणि त्यात उसळी जिरते. काँक्रीटच्या दोन फरश्यांमधल्या सांध्यावरून मूळ गाडी टुणटुण उडायची. तेल आल्यावर ती एकदाच दबून पुढे जायला लागली. फरक कानाला आधी कळला. खडखड थांबली आणि टायरचा सलग आवाज आला.

घोळ असा की चारपैकी एका डॅम्परमध्ये मी हवेचा बुडबुडा ठेवला. गाडी एका बाजूला वळताना बरी, दुसऱ्या बाजूला वळताना मागून निसटायची. दोन रविवार मी टायर, सर्व्हो, चाकांचे कोन सगळं तपासलं. शेवटी डॅम्पर काढून एकेक कानाशी धरून दाबला, तेव्हा एकातून 'चुळुक' असा आवाज आला. तेल भरल्यावर पिस्टन अगदी सावकाश वरखाली करायचा, मग डॅम्पर उभा ठेवून दहा-पंधरा मिनिटं विसरून जायचं. बुडबुडे आपोआप वर येतात. मगच झाकण. चारही डॅम्पर टेबलावर ओळीने ठेवून एकाच वेळी दाबून सोडायचे, चारही सारख्या गतीने वर आले पाहिजेत. कॅप भट्टीत घालण्याआधी मी मेणाचा नमुना दहा वेळा फिरवून पाहते, मग इथे का पाहिला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

तिसरा बदल भाच्याचा लाडका : पिनियन. मूळ गाडीत पिनियनला २२ दाते, स्पर गिअरला ७०. सत्तर भागिले बावीस, गुणिले आतल्या गिअरचं प्रमाण २.६, म्हणजे ८.२७. मोटर ८.२७ फेऱ्या फिरते तेव्हा चाक एक फेरी फिरतं. हे गणित त्याने स्वतः वहीत केलं आणि लगेच विचारलं, २४ दाते लावले तर? ७.५८. सरळ रेषेत गाडी खरंच जास्त पळाली. पण आमचा मार्ग वळणावळणाचा. दर दोन सेकंदांनी थांबायचं आणि पुन्हा सुटायचं. मोठ्या पिनियनवर मोटरला सुटताना जास्त जोर लावावा लागतो, जास्त जोर म्हणजे जास्त करंट, जास्त करंट म्हणजे उष्णता. सहा मिनिटांत मोटर हात ठेवता येणार नाही इतकी तापली. ब्रश असलेली मोटर अशी सारखी तापत राहिली तर ब्रश लवकर झिजतात आणि चुंबकांची ताकद उतरते. आम्ही २३ वर आलो, प्रमाण ७.९१. आजही तेच आहे. लांब सरळ मार्ग असेल तर २४ चालेलही. पिनियन निवडताना आधी आपला मार्ग बघा, मोटर चालून आल्यावर तिला हात लावून पाहा.

स्टीअरिंगबद्दल दोन गोष्टी. सर्व्होवर हॉर्न (त्याच्या दांड्यावरचा छोटा हात) बसवण्याआधी रेडिओ चालू करून सर्व्हो मध्यावर आणायचा. पुस्तिकेत ही पायरी आहे, लोक ती ओलांडतात. मी तिसऱ्याच आठवड्यात फुटपाथच्या कडेवर गाडी आपटली आणि सर्व्होचे आतले दाते गेले. सर्व्हो दुसऱ्याच कुठल्या कंपनीचा, प्लास्टिकच्या गिअरचा होता. धातूच्या गिअरचा लावल्यापासून तसं झालेलं नाही. सर्व्होसेव्हर म्हणून जी स्प्रिंगची वाटी असते, ती धक्का बसला की किंचित फिरून जोर खाते. ती काढून थेट दांडा लावायचा सल्ला अनेक जण देतात. टीटी-०२ सारख्या सरावाच्या गाडीवर ते करू नका. आणि स्टीअरिंगचे सांधे साधे असल्याने मधोमध थोडा प्ले, म्हणजे ढिलेपणा, राहतो, तो त्या रचनेतच आहे. बेअरिंग असलेला ॲल्युमिनियमचा स्टीअरिंग संच लावल्यावर सरळ रेषेतलं बारीक डुलणं थांबलं. हा बदल आम्ही सातव्या महिन्यात केला, तोपर्यंत त्या डुलण्याने काही अडलं नव्हतं.

ॲल्युमिनियमचा प्रोपेलर शाफ्ट दिसायला सुंदर आहे. साध्या मोटरवर त्याने वहीत लिहिण्यासारखा काहीही फरक पडला नाही. जोरदार ब्रशलेस, म्हणजे ब्रश नसलेली, मोटर लावलीत तर प्लास्टिकचा दांडा पिळला जातो, तेव्हा त्याला अर्थ आहे. भाचा नाराज झाला, पण वहीत त्यानेच "फरक नाही" असं लिहिलं, त्याचा मला अभिमान वाटला.

याउलट ज्याच्याकडून काही अपेक्षा नव्हती तो भाग कामाचा निघाला : मागचे, अडीच अंश आत वळलेले अपराइट, म्हणजे चाकाचा आस धरून ठेवणारे तुकडे. मागची चाकं पुढच्या बाजूने किंचित एकमेकांकडे झुकली की वळणातून बाहेर पडताना जोर दिला तरी शेपूट हलत नाही. भाच्याच्या हातात गाडी दिल्यावर आता मला श्वास रोखून उभं राहावं लागत नाही.

बॅटरीबद्दल कडक शब्दांत सांगते. ७.२ व्होल्टची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी सुरुवातीला पुरते आणि ती बरंच सहन करते. लायपोकडे (लिथियम-पॉलिमर बॅटरीकडे) जायचं असेल तर आधी आपल्या स्पीड कंट्रोलरमध्ये लायपोसाठी कट-ऑफ, म्हणजे बॅटरी फार उतरण्याआधी वीज तोडायची सोय, आहे का ते पाहा. सगळ्यांमध्ये नसतो. नसेल तर सेलवर लावायचा अलार्म वापरलाच पाहिजे. पूर्ण भरल्यावर एका सेलला ४.२ व्होल्ट, ठेवून द्यायची असेल तेव्हा ३.८ च्या आसपास, आणि ३ च्या खाली कधीच नाही. फुगलेली लायपो पुन्हा चार्ज करायची नाही. चार्जिंग चालू असताना घरात कुणीतरी जागं हवं. आमच्याकडे ही जबाबदारी माझी, भाच्याची नाही.

आता बॉडी. इथे मला सगळ्यात जास्त आनंद मिळाला आणि इथेच सगळ्यात जास्त वेळ गेला. बॉडी पारदर्शक पॉलिकार्बोनेटची येते आणि रंग आतून मारायचा असतो. गाडी घासली, उलटली, तरी ओरखडा बाहेरच्या प्लास्टिकवर पडतो, रंग आत सुरक्षित. पण आतून रंगवायचं म्हणजे क्रम उलटा होतो. जे सगळ्यात वर दिसायला हवं ते आधी. काळे पट्टे आधी, मग लाल, आणि शेवटी मागून पांढऱ्याचा किंवा चंदेरीचा थर, म्हणजे लाल रंग मागून भरून निघतो आणि टपोरा दिसतो. फिकट रंग आधी मारून त्याच्यामागे काळा आला तर सगळं मळकट होतं. पोर्सिलिनची कॅप करताना आम्ही आतून बाहेर थर देतो. इथे बाहेरून आत. पहिले तीन दिवस माझा हात सारखा चुकत होता.

आधी बॉडी सौम्य साबणाने आतून धुऊन पूर्ण वाळवायची. साच्यातून निघताना लागलेला तेलकटपणा राहिला की तिथे रंग पापुद्र्यासारखा सुटतो. खिडक्यांवर आतून मास्क लावायचे, त्यांच्या कडा नखाने दाबायच्या. रंगही पॉलिकार्बोनेटचाच हवा. साध्या प्लास्टिकच्या मॉडेलचा रंग पहिल्या धडकेत तडकतो. थर इतके पातळ की पहिल्या थरानंतर 'हे काहीच लागलं नाही' असं वाटलं पाहिजे. मी सहा थर दिले. कापताना सगळीकडे कात्री चालवायची नाही. सरळ कडांवर सुरीने हलकी रेघ ओढायची, दोन-तीन वेळा, आणि मग वाकवायचं, त्या रेघेवर तुकडा स्वच्छ तुटतो. चाकांच्या कमानींना वाकड्या पात्याची कात्री. बॉडी ज्या खांबांवर बसते त्यांची भोकं रीमरने (भोक हळूहळू मोठं करणाऱ्या टोकदार हत्याराने), आणि रीमर थोडा फिरवायचा, बघायचं, पुन्हा थोडा फिरवायचा. भोक मोठं करता येतं, लहान करता येत नाही.

शेवटी बाहेरची संरक्षक फिल्म सोलली. तोपर्यंत बॉडी बाहेरून धुरकट, रंगाचे शिंतोडे उडालेली दिसत होती. फिल्म एका कोपऱ्यातून उचलून ओढली आणि खालून ओल्या काचेसारखा लाल रंग वर आला. भाचा काही बोलला नाही. त्याने फोन बाजूला ठेवला आणि दुसरा कोपरा स्वतः सोलायला घेतला.

मोडतोड? चौदा महिन्यांत पुढचा एक खालचा हात तुटला, सर्व्हो गेला ती हीच धडक. चूक माझी होती, उन्हात कडेचा अंदाज आला नाही. हा हात प्लास्टिकचाच बसवला पुन्हा. ॲल्युमिनियमचा मिळतो, पण धडकेचा जोर कुठेतरी जाणारच. हात मोडला तर चार स्क्रूंचं काम. तो मोडला नाही तर तोच जोर चेसिसच्या टबात जातो, आणि टब बदलायचा म्हणजे अख्खी गाडी नव्याने बांधायची.

या किटचं खरं बळ मला उशिरा कळलं. यातला साध्यातला साधा भाग जिथे बसतो, तिथे त्याच मापाचा चांगला भाग बसतो. बुशच्या जागी तेवढंच बेअरिंग. ५४० मोटरच्या जागी त्याच आकाराची दुसरी कुठलीही. चाकाला १२ मिमीचा षट्कोन, जो या आकाराच्या कितीतरी गाड्यांत चालतो. त्यामुळे बदल करायला काही कापावं, भोक पाडावं लागत नाही, आणि पटलं नाही तर मागेही येता येतं. ज्यांना सगळं आधीच बसवलेलं हवं त्यांच्यासाठी टाईप-एस सारख्या वरच्या आवृत्त्या आहेत. ज्यांना पेटीतून काढून त्याच दिवशी पळवायचं आहे, त्यांनी तयार जोडलेली गाडी घ्यावी, त्यात काही वाईट नाही. आणि ज्यांना खडक चढायचे आहेत, त्यांची ही गाडीच नव्हे. हिचं पोट जमिनीला जवळ आहे. हिला सपाट जागा लागते.

आज टेबलावर पुढचा डिफरन्शिअल उघडा आहे. वळणात आतलं चाक उचललं गेलं की ताकद त्याच चाकात वाया जाते, म्हणून त्यात ग्रीसच्या जागी घट्ट, चिकट पुटी भरतो आहोत. मागचा तसाच मोकळा ठेवलाय. वहीत भाच्याने नवव्या बदलाचं पान काढलं, तारीख टाकली आणि खाली आपला अंदाज लिहिला : वळणात शिरताना गाडी थोडी बाहेर जाईल, निघताना ओढेल. माझा अंदाज वेगळा आहे. तो मी त्याच्याखाली लिहिला आहे. पुटी भरून झाली, झाकणाचे स्क्रू उरलेत, आणि ते तो लावतोय. आधी उलटा फिरवून.